फिरती पाटी

वसुधा नाबरांचा पाय बरा होत आला होता. राग मात्र होता तसाच होता, आणि त्या दिवशी सकाळी तो आधी मिक्सरवर निघाला.

मिक्सरला पूर्वी एक कान असायचा. पिळला की सुरू, उलटा पिळला की बंद. आता त्या जागी तळहाताएवढी काळी कळपाटी होती आणि तुम्ही ज्या बाजूने हात न्याल त्या बाजूला तिची बटणं सरकत यायची. एका हातात कुबडी असल्यामुळे वसुधाताईंनी दुसरा हात आडवा घातला. ही बाई बाजूला उभी आहे असा पाटीचा समज झाला असावा. काल जिथे 'बंद' होतं तिथे तिने 'वेग वाढवा' आणून ठेवलं. झाकण उडालं आणि अर्धी चटणी भिंतीवर गेली.

"मेल्या, एका जागी बस की!" वसुधाताई ओरडल्या. "काल होतास तिथे आज राहायला काय धाड भरली तुला?"

नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज तो. खालच्या मजल्यावरच्यांनी टीव्ही बारीक केला. वसुधाताईंनी चटणी पुसली, साडी बदलली आणि रंगतंत्र मंडळाच्या चौकशीला निघाल्या. चौकशी मिक्सरची नव्हती. दिगंबर शेलारची होती. आज त्यांची साक्ष झाली की दिगंबरचं नाव मंडळाच्या नोंदीतून कायमचं काढलं जाणार होतं, म्हणजे महाराष्ट्रातल्या कुठल्याही रंगमंचावर त्याला पुन्हा काम मिळणार नव्हतं. आणि वसुधाताईंना ते हवं होतं. त्यांच्या डाव्या घोट्याचा चुरा त्याच्या हाताने झाला होता.

दिगंबर हा फिरत्या रंगमंचाचा माणूस. वसुधाताईंच्या नाटकांत तबकडी फिरवायची ती त्यानेच, हे तीस वर्षं ठरलेलं. आधी तो लाकडी दांडा ओढून फिरवायचा, मग मोटार आली, मग कळपाटी आली.

पाटीबद्दल थोडं सांगायला हवं. हातातला पडदा फिरवला की चित्र फिरतं, यात नवं काही नाही. यंत्राच्या पोटात सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेलं एक इवलंसं वजन असतं. ते जिकडे ओढलं जाईल ती बाजू खालची, एवढंच त्याला कळतं. माणसाचे डोळे कुठे आहेत हे त्याला कळत नाही, म्हणून तर कुशीवर पडून वाचायला गेलं की अक्षरं आडवी होतात. 'अनुरूप' नावाच्या कंपनीने यावर तोडगा काढला. पाटीच्या चारही कडांना दाब ओळखणारी कातडी लावली. बोटं कुठे, अंगठा कुठे, हे त्या कातडीला समजायचं. वजन आणि पकड या दोन्हींवरून पाटी ठरवायची की माणूस कोणत्या बाजूला आहे, आणि बटणं सरकवून त्याच्या अंगठ्याखाली आणून द्यायची. वरून पारदर्शक पापुद्रा आणि त्याच्याखाली केसाहून बारीक नळ्यांतून खेळणारा द्रव. जिथे बटण असेल तिथे पापुद्रा फुगायचा, त्यामुळे न बघता नुसत्या स्पर्शाने काम करता यायचं. क्रेनवाल्यांनी ती घेतली, दवाखान्यांनी घेतली. नाटकवाल्यांनी तर डोक्यावर घेतली, कारण नाटकवाल्यांचं निम्मं काम अंधारात चालतं.

अंधारासाठी एक खास सोयही होती. प्रकाशयोजनेकडून 'अंधार' असा संकेत आला की पाटीचा उजेड विझायचा आणि बटणं त्या क्षणी जिथे असतील तिथे घट्ट बसायची, दिवे लागेपर्यंत. काळोखात धक्का लागून ती भलतीकडे पळू नयेत म्हणून. सोय चांगली होती, कागदावर.

सांगलीच्या प्रयोगाला सामानाचा ट्रक उशिरा पोचला. सगळीच घाई. नाटकाची सुरुवात काळोखात होती. तिसरी घंटा, मिट्ट अंधार, तबकडी उजवीकडे फिरणार आणि तिच्यावर उभ्या असलेल्या वसुधाताई दिवाणखान्याच्या दारात येणार. शंभरावर प्रयोगांत हे असंच झालं होतं. त्या दिवशी तबकडी डावीकडे फिरली. डावीकडे लोखंडी जिना होता. वसुधाताईंनी सवयीने पाऊल टाकलं आणि तबकडीची कड आणि जिन्याची पायरी यांच्यामध्ये त्यांचा घोटा सापडला. प्रेक्षकांना ती किंकाळी नाटकातलीच वाटली. काहींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

त्यांना उचलून गाडीपर्यंत दिगंबरनेच नेलं. "ताई, मी उजवीच दाबली ओ, उजवीच दाबली," एवढंच तो वाटभर म्हणत होता. पण पाटीच्या स्मृतीत डावीची नोंद होती. कंपनीने दुसऱ्याच दिवशी तसं जाहीर केलं. यंत्र कशाला खोटं बोलेल? वार्ताहर दवाखान्यात आले तेव्हा वसुधाताईंनी पलंगावरून सांगून टाकलं, "त्याचं लक्ष नव्हतं. वय झालंय त्याचं. त्याला आधीच घरी बसवायला हवं होतं." ते सगळीकडे छापून आलं. त्यानंतर दिगंबर दवाखान्याच्या दारात तीनदा येऊन गेला. त्यांनी भेट नाकारली. सध्या तो साताऱ्याला मेहुण्याच्या मंगल कार्यालयात खुर्च्या मांडतो, असं त्यांच्या कानावर आलं होतं. मांडू दे, त्या म्हणाल्या होत्या.

*

मंडळाचं सभागृह दुसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद होती, त्यामुळे वसुधाताई वर पोचल्या त्या आणखी चिडूनच. टेबलामागे मंडळाचे अध्यक्ष जयसिंग दळवी बसले होते. एके काळचे विनोदी नट, आता सगळ्यांचे दळवीकाका. एका बाजूला 'अनुरूप'चा वकील आणि कंपनीची अभियंता तन्मयी सरनोबत, तिशीच्या आतली, नीटनेटकी मुलगी. दुसऱ्या बाजूला एकटा दिगंबर. वाळला होता. वसुधाताईंना पाहून तो उभा राहिला. त्यांनी मान फिरवली.

वकिलाने पाटीची स्मृती वाचून दाखवली. "अपघाताच्या क्षणी 'डावीकडे' ही कळ दाबली गेली. पाटीने आज्ञा पाळली. यंत्रात कसलाही दोष आढळला नाही. माणसाच्या हातून चूक होते, साहेब. शेलारांबद्दल आमच्या मनात आकस नाही."

"शेलार, तुम्हाला काय म्हणायचंय?" दळवीकाकांनी विचारलं.

"मी उजवी दाबली, काका. दुसरं काय सांगू?"

"तेच किती दिवस घोकणारेस?" वसुधाताई तडकल्या. "चुकलं म्हण आणि मोकळा हो!"

तन्मयीने टेबलावर एक लहान फिरती तबकडी ठेवली. तिच्यावर बाहुली, बाहुलीच्या डोक्यावर अंधारात चमकणारी टिकली. अपघाताच्या दिवसापासून मंडळाने मोहोरबंद करून ठेवलेली मूळ पाटी दळवीकाकांनी उघडली. तन्मयीने ती हातात घेतली, आपल्या यंत्रावरून 'अंधार' असा संकेत देऊन पडदे ओढलेल्या सभागृहातले दिवे घालवले, उजवी कळ दाबली. बाहुली उजवीकडे गेली. डावी दाबली, डावीकडे गेली. दिवे लागले.

"आता शेलारांनी करून दाखवावं," वकील म्हणाला. "पाटी तीच आहे. हात तेवढा वेगळा."

दिगंबर जागचा हलेना. त्या दिवसापासून त्याने पाटीला हात लावला नव्हता. दळवीकाकांनी दोनदा सांगितल्यावर तो पुढे आला. त्याने पाटी दोन्ही उघड्या तळव्यांवर घेतली, वाकला आणि तिची जवळची कड कपाळाला टेकवली. कामाला हात घालण्याआधीचा त्याचा नमस्कार. लाकडी दांड्यालाही तो असाच करायचा.

तन्मयीला पुढची बैठक गाठायची होती. "हं, अंधार," ती म्हणाली आणि तिने दिवे घालवले. दिगंबरचं कपाळ अजून पाटीवरच होतं.

काळोखात तो सरळ झाला. त्याने पाटी धरली, अंगठ्याने उजवा बाण चाचपला, दाबला.

टिकली डावीकडे निघाली.

काळोखातून दिगंबरचा बारीक आवाज आला. "मी उजवीच दाबली."

दिवे लागले. वसुधाताई सगळ्यांत जवळ बसल्या होत्या. त्यांनी पाहिलं: दिगंबरचा अंगठा उजव्या हाताच्या बाणावरच होता. आणि पडद्यावरची अक्षरं उलटी होती, पाय वर करून. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ती गर्रकन फिरली आणि साळसूदपणे सुलटी झाली.

"फिरली!" वसुधाताई किंचाळल्या. "काका, ती आत्ता फिरली! उलटी होती ती!"

एका कागदावर डावीकडे डावा बाण काढा, उजवीकडे उजवा. आता वरची कड खाली येईल असा कागद उलटा फिरवून धरा. चित्र जसंच्या तसं दिसेल. उजवीकडे उजवीकडेच रोखलेला बाण. पण तो मुळातला डावा. बाणाखाली अक्षर असेल तरच फरक कळतो, आणि अंधारात अक्षर दिसत नाही. तळव्यांवर ठेवलेल्या पाटीला अंगठे सापडले नाहीत. कपाळाला टेकलेली कड वर गेली, पलीकडची खाली आली आणि पोटातल्या वजनाने कौल दिला की माणूस आता पलीकडच्या बाजूला आहे. बटणं फिरली. त्याच क्षणी अंधार झाला आणि ती तशीच घट्ट बसली. एरवी तिसऱ्या घंटेला तो नमस्कार करायचा आणि त्यानंतर थोड्या वेळाने अंधार व्हायचा, म्हणून काही बिघडायचं नाही. सांगलीला घाईत घंटेबरोबरच अंधार केला गेला. आणि दिवे लागल्यावर कोणी पाटी पाहावी तर ती सुलटी, सोवळी, काही झालंच नाही अशी.

तन्मयी पांढरी पडली होती. ती कंपनीच्या बचावासाठीच बोलली, पण बोलून गेली. "सर, ही जुनी आवृत्ती आहे. नव्या आवृत्तीत कपाळाला लावली तरी ती फिरत..."

वकिलाने तिचं कोपर दाबलं. उशीर झाला होता.

"काय म्हणालीस?" वसुधाताई कुबडीवर जोर देऊन उभ्या राहिल्या.

"नव्या आवृत्तीत अडचण नाहीये, एवढंच..."

"तू कपाळ म्हणालीस. आत्ता पाच मिनिटांपूर्वीपर्यंत कपाळाचा विषय या खोलीत कोणी काढला नव्हता. मग तुमच्या नव्या आवृत्तीत कपाळ आलं कुठून?"

तन्मयीने वकिलाकडे पाहिलं, मग दिगंबरकडे. दिगंबर पाटीकडे बघत उभा होता, ती हातातून ठेवायचं भान त्याला नव्हतं. त्याच्याकडे पाहिल्यावर तिला राहवेना.

"खंडेनवमीला," ती म्हणाली. "क्रेनवाल्यांनी, कारखान्यांतल्या लोकांनी पाट्यांची पूजा केली. कपाळाला लावल्या. तीन ठिकाणांहून बटणं उलटल्याच्या तक्रारी आल्या. तेव्हा आमच्या लक्षात आलं, आणि आम्ही दुरुस्ती पाठवली."

"खंडेनवमी होऊन किती दिवस झाले? शिमगा आला आता! आणि सांगलीचा अपघात त्याच्याही आधीचा. तुम्हाला कळलं तेव्हा या माणसाचं नाव आठवलं नाही?"

"मी विचारलं होतं मॅडम. मला सांगण्यात आलं की ते प्रकरण मंडळाकडे आहे, आपण त्यात पडायचं नाही."

"बाई, शांतपणे घ्या," वकील म्हणाला. "यंत्र कपाळाला लावणं हे वापराच्या पद्धतीत बसत नाही. माहितीपुस्तिकेत तसं कुठेही..."

"वापराच्या पद्धतीत बसत नाही?" आता मात्र वसुधाताईंचा तोल सुटला. "कुठे राहता हो तुम्ही? सकाळी पहिलं भाडं मिळालं की रिक्षावाला हँडलला हात लावून तो कपाळाला लावतो. तबलजी तबल्याच्या पाया पडतो. आम्ही रंगमंचावर पाय ठेवायच्या आधी त्याची धूळ कपाळाला लावतो. या मुलखात हत्यार हातात घेऊन नमस्कार न करणारा कारागीर आणा शोधून माझ्यासमोर! आणि काय ग, दसऱ्याला तुमच्या ऑफिसात संगणकांना झेंडूची माळ घालत नाहीत?"

"घालतो," तन्मयी अगदी हळू म्हणाली.

"मग? ही पाटी बाजारात आणताना कोणाच्या हातात देऊन तपासलीत?"

"सगळं तपासलं होतं मॅडम. हिसका, पडणं, खिशात ठेवणं, झोपून वापरणं. लाखो वेळा. त्यासाठी यांत्रिक हात आहे प्रयोगशाळेत."

"त्या हाताला कपाळ होतं?"

उत्तर वकिलाकडे होतं. वकिलांकडे नेहमी असतं. कंपनी सद्भावनेने एक सूचनापत्रक काढायला तयार आहे, तो म्हणाला, की पाटी कपाळाला लावू नये.

"म्हणजे चूक अजून नमस्काराचीच!" वसुधाताईंनी कुबडी टेबलावर आपटली. बाहुली कोलमडून खाली पडली. "लाज कशी वाटत नाही रे तुम्हाला? एका जागी राहणारी वस्तू चांगली चालली होती. माणसाच्या हाताला तिची जागा पाठ होती. ती तुम्ही फिरती केलीत, आणि वर म्हणता, माणूस चुकला! काका, माझी साक्ष लिहून घ्या. माझा पाय या कंपनीने मोडला. आणि यांना सगळं ठाऊक असताना या माणसाला यांनी बुडू दिलं. मी यांना सोडणार नाही, कोर्टात खेचणार."

दळवीकाकांनी चष्मा काढून पुसला. आयुष्यभर लोकांना हसवलेल्या त्या माणसाने निकाल एकाच वाक्यात दिला. "दिगंबर शेलार निर्दोष आहेत, आणि मंडळ त्यांची माफी मागतं."

दिगंबरने पाटी टेबलावर ठेवली. नमस्कार केला नाही. सगळ्यांना उद्देशून मान हलवली आणि तो बाहेर पडला.

*

वसुधाताई त्याच्या मागे शक्य तितक्या भराभर निघाल्या. तो अर्धा जिना उतरला होता.

"दिगू, थांब!"

तो थांबला, पण वळला नाही.

"ऐकलंस ना? कसे उघडे पडले! तोंड बघण्यासारखं झालं होतं त्या वकिलाचं. मी त्यांना रस्त्यावर आणते की नाही बघ." रागाने त्यांना अजून धाप लागत होती. त्या रागात एक उत्साहही होता. इतके दिवस मनात कुजत पडलेल्या रागाला एकदाचं योग्य घर सापडलं होतं. "आणि हे बघ, पुढच्या महिन्यात मी प्रयोग सुरू करतेय. लंगडत का होईना, करणार. तबकडी तू फिरवायचीस. पाटी नको, आपला जुना दांडा बसवून घेऊ. उद्याच ये."

"नाही जमायचं, ताई."

"का? खुर्च्या मांडायला जायचंय?" त्या हसल्या. तीस वर्षं त्या त्याची अशी थट्टा करत आल्या होत्या.

दिगंबर वळला. त्याचा चेहरा त्यांनी असा कधी पाहिला नव्हता.

"हां, खुर्च्या मांडायला. मांडतो मी खुर्च्या. तिथं लग्नाला आलेली माणसं मला बघून कुजबुजतात, नाबरबाईंचा पाय यानंच मोडला म्हणून. कंपनीला खेचा कोर्टात, खेचायलाच पाहिजे. पण पाटीचं काय घेऊन बसलात? पाटीला माझी काय ओळख? यंत्र ते. तिला वाटलं माणूस पलीकडं गेला, ती फिरली. तुम्हाला तर माझी ओळख होती ना?"

"दिगू, मला काय माहीत रे? त्यांनी पुरावा दाखवला..."

"पुरावा!" तो ओरडला. त्याचा आवाज एवढा मोठा असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. "तीस वर्षं अंधारात पाय टाकलात माझ्या भरवशावर. तेव्हा मागितला होता पुरावा? दिगू चुकणार नाही, दुसरं काहीतरी झालं असेल, एवढं एक वाक्य त्या पेपरवाल्यांना सांगितलं असतं तर काय झिजलं असतं तुमचं? वय झालंय म्हणालात. लक्ष नव्हतं म्हणालात. दवाखान्याच्या दारात तीनदा उभा राहिलो मी, तुम्हाला नुसतं बघायला. पाणी तरी विचारलंत?"

वसुधाताईंनी तोंड उघडलं. इतक्या नाटकांतली इतकी वाक्यं त्यांना पाठ होती, त्यातलं एकही कामाला आलं नाही.

"त्या पोरीला तरी माझ्याकडं बघून राहवलं नाही," दिगंबर म्हणाला. "जातो मी. साताऱ्याची गाडी आहे."

तो जिना उतरू लागला. त्यांनी घाईघाईने कुबडी खालच्या पायरीवर टेकली, ती निसटली आणि त्यांना कठडा धरावा लागला. एकेक पायरी करत त्या वळणावरच्या खिडकीशी पोचल्या तोवर तो खाली रस्त्यावर गेला होता.

"दिगू!" त्यांनी हाक मारली, पोटातून, सगळा आवाज लावून. रस्त्यावरच्या माणसांनी वर पाहिलं. समोरचा पानवाला टपरीतून बाहेर आला. दिगंबर चालत राहिला.